पाण्याकाठचा चौथा मुक्काम: आतल्या पावसाचा छडा

मागच्या मुक्कामात पहाटे साडेचारला धाकटीनं मला हलवून उठवलं. "आई, आत पाऊस पडतोय." बाहेर डोकावले तर आभाळ लख्ख, चांदण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. आणि टेंटच्या छतातून मात्र टपटप चालू. चौघांच्याही स्लीपिंग बॅगांचे पायथे ओले.

घरी येऊन फ्लायच्या (टेंटवरच्या बाहेरच्या, पाणी अडवणाऱ्या कापडाच्या) सगळ्या शिवणींना सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप लावला. दोन संध्याकाळी गेल्या. मग अंगणात टेंट उभा करून नळीनं अर्धा तास पाणी मारलं, आत एक थेंब नाही. थोरल्यानं नळी धरता धरता विचारलं, सीलर लावायच्या आधी हे करून का नाही पाहिलं? याला उत्तर नव्हतं. टेंट बहुधा कधीच गळत नव्हता. ते पाणी आमचंच होतं, चौघांच्या श्वासाचं.

म्हणून या शनिवार-रविवारचं एकच लक्ष्य ठेवलं: पहाटे आतून कोरडं असणं. बाकी सगळं दुय्यम.

टेंट तोच, दुहेरी भिंतींचा: आत एक कापड, त्यावर फ्लाय. लेबलवर 'सहा माणसांचा' लिहिलंय, म्हणजे चौघं आणि सामान. (ही माणसं खांद्याला खांदा लावून, कूस न बदलता झोपणारी असतात.) फ्लायवर ३००० मिमीचा आकडा आहे. तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं, इतकाच त्याचा अर्थ. आतल्या वाफेचं काय होणार, हे तो आकडा सांगत नाही. उलट जे कापड बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ते आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. माणूस झोपेत श्वासातून आणि कातडीतून मिळून साधारण पाव लिटर पाणी सोडतो. दोन मोठे, दोन लहान, करा हिशोब.

मोठा बदल जागेत केला. मागच्या वेळी अगदी काठाशी, खोलगट भागात टेंट ठोकला होता, दारातून पाणी दिसावं म्हणून. रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि अशाच खळग्यात साठते. त्यात शेजारी पाणी, म्हणजे दमटपणा फुकट. यावेळी मागच्या रांगेतली जागा घेतली, काठापासून साठ-सत्तर मीटर आत आणि जरा उंचावर. नवऱ्याची कुरकुर सुरू झाली. "पाण्याकाठी यायचं आणि पाण्यापासून लांब झोपायचं, याला काय म्हणायचं?" बादल्या त्यालाच वाहायच्या होत्या, त्यामुळे मी फार वाद घातला नाही.

जागेवर मधोमध एक मोठं झाड होतं. वाळक्या फांद्या नाहीत ना, हे खालून नीट पाहून घेतलं आणि टेंट असा बसवला की अर्धा झाडाखाली, अर्धा उघड्यावर. खरं सांगायचं तर हे ठरवून केलं नाही. मुळं चुकवता चुकवता तसं झालं. पण त्यातूनच सगळं कळलं.

फ्लायची खालची कड वीतभर वर ठेवली. एक झरोका पाण्याकडे, दुसरा जमिनीकडे, कारण स्वच्छ हवेत दिवसा वारा बहुतेक पाण्याकडून येतो आणि रात्री उलटतो. ताणदोऱ्या थोरल्याकडे सोपवल्या. खुंटीभोवती दोर फिरवून आणायचा, तयार झालेल्या फासाच्या आत ताणल्या दोरीला दोन वेढे आणि फासाबाहेर एक. ही गाठ हातानं सरकते, पण ताण आला की जागच्या जागी बसते. पहिल्या तीन वेळा त्यानं तिसरा वेढाही आतच घेतला. चौथ्यांदा जमली आणि मग टेंट सोडून कपड्यांची दोरी, खुर्ची, बहिणीचा बूट, जे दिसेल त्याला ती गाठ बसली.

गाठ सरकती हवी याला कारण आहे. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं. दुपारी तबल्यासारखा ताणलेला फ्लाय रात्री लोंबतो आणि आतल्या कापडाला चिकटतो. मागच्या वेळी थेंब तिथूनच झिरपले. आता झोपण्याआधी हेडलॅम्प लावून सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणायच्या, हा नियम केला.

पाण्याजवळच्या पाळीचा नियम जुनाच: शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्यानं फक्त मुलांकडे बघायचं, टेंटच्या दोरीलासुद्धा हात लावायचा नाही. लाइफ जॅकेट घोटाभर पाण्यातही काढायचं नाही.

आता आकडे. छोटा तापमान-आर्द्रतामापक आतल्या हुकाला टांगला होता. रात्री साडेनऊला बाहेर २३.५ अंश, आर्द्रता ७६ टक्के. पहाटे साडेचारला बाहेर १७.८ अंश, ९७ टक्के. आत १९.६ अंश, ९१ टक्के. म्हणजे आतल्या हवेचा दवबिंदू साधारण १८ अंश, कापड त्याखाली गेलं की दव धरणारच.

आणि ते धरलंच, पण अर्ध्याच भागात. उजेड झाल्यावर फ्लायच्या आतल्या बाजूनं हात फिरवला. उघड्यावरच्या भागात तळवा चिंब, झाडाखालच्या भागात जेमतेम गार. मधली सीमा इतकी स्पष्ट होती की बोटानं रेघ ओढता आली असती. मोकळ्या आकाशाखाली कापड आपली उष्णता वर सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. डोक्यावर फांद्या असल्या की तसं होत नाही. वाचलं होतं, पण तळहाताला कळणं वेगळं. फडक्यानं सगळं टिपलं आणि थोरल्यानं ते मापाच्या कपात पिळलं: १४० मिली.

मग आतल्या कोपऱ्यात पिशवी सापडली. मुलांचे पोहायचे ओले कपडे आणि दोन टॉवेल. तिथं कुणी ठेवली, यावर घरात अजून एकमत नाही. (मीच.)

दुसऱ्या रात्री टेंट पूर्ण झाडाखाली सरकवला, ओलं सगळं बाहेर दोरीवर, झरोके सताड उघडे. सकाळी कपात ३० मिली. आतलं कापड कोरडं, स्लीपिंग बॅगा कोरड्या. पण दोननंतर थोडा वारा सुटला होता, त्यामुळे सगळं श्रेय झाडाला देता येत नाही.

किंमत मोजावी लागली ती थंडीची. झरोके उघडे म्हणजे गार हवा आत. नवरा हवा भरायच्या साध्या गादीवर होता. तिच्यात इन्सुलेशन नाही, आतली हवा खेळती राहून अंगाची ऊब जमिनीकडे जाते. मध्यरात्री त्याच्याखाली घडीची फोम मॅट सारली. मॅट एकावर एक ठेवल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूची (ऊब किती अडते याच्या आकड्याची) बेरीज होते, हे त्याला सांगितलं, पण तो घोरत होता.

आवरताना फ्लाय वेगळ्या पिशवीत घातला आणि घरी येताच पसरला. ओला गुंडाळून ठेवला की आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा) थर हळूहळू चिकट होत जातो. माझा पहिला टेंट तसाच गेला.

पुढच्या वेळी मुद्दाम झाड नसलेली जागा घेणार आहे. वर हातभर अंतरावर अर्ध्याच टेंटला ताडपत्री बांधून तीच रेघ उमटते का, ते बघायचं. कप सोबत असेलच.

खुंट्या वीस नेल्या, वीसच परत आल्या. त्यातली एक पिवळी आहे. आमची एकही पिवळी नव्हती.