चहाच्या अर्काचं कडं: तिसरी फेरी

चहा जंतूंना मारतो का, याचा हा घरगुती प्रयोग: जंतू पसरलेल्या जेलीच्या डिशमध्ये भोक पाडून त्यात चहा घालायचा; भोवती जंतू वाढले नाहीत की मोकळं कडं दिसतं. मागच्या नोंदीत असं १२ मिलिमीटरचं कडं आलं होतं, ते विसरा. ते चहाचं नव्हतंच. कॅटेचिन, म्हणजे चहातली तुरट, जंतूंना मारणारी द्रव्यं, आम्लात जास्त टिकतात म्हणून मी हिरव्या चहाच्या अर्कात लिंबू पिळलं होतं. या वेळी शेजारच्या भोकात नुसतं लिंबूपाणी घातलं, तर तिथंही तेवढंच कडं! माझा जंतू म्हणजे मेडिकलमध्ये जुलाबावर मिळणाऱ्या कुपीतला बॅसिलस क्लॉसी. त्याला अल्कधर्मी माध्यम मानवतं, आंबट नको असतं. काम लिंबाचं आणि हार चहाच्या गळ्यात.

आता लिंबू बंद. ५ ग्रॅम हिरवा चहा, ५० मिली पाणी, ८० अंश, १० मिनिटं. मग फडक्यातून गाळून गार केला. पाणी गॅरेजमधून आणलेलं, बॅटरीत घालायचं क्षार काढलेलं. आमच्या सांगलीतल्या बोअरच्या पाण्याचा कोरा चहा केला की वर तवंग धरतो, त्या कॅल्शियमची भानगड प्रयोगात नको.

जंतू वाढवायची जेली, म्हणजे माध्यम, तेच: बिनमिठाचं चिकन सूप, १०० मिलीला २ ग्रॅम चायना ग्रास, शिट्टी झाल्यावर मंद गॅसवर २० मिनिटं. त्या कुकरात वरण लावणार नाही असं आईनं बजावलं, म्हणून गणपती पेठेतून ३ लिटरचा वेगळा आणला. इन्क्युबेटर नाही, ऑक्टोबरच्या उकाड्यात कपाटाचा माथा पुरतो. घशातले, नाल्यातले जंतू मात्र घरी वाढवू नका. डिश टेपनं बंदच ठेवायच्या आणि टाकण्याआधी रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवायच्या.

दोन दिवसांनी, ६ मिलिमीटरच्या भोकाभोवती: हिरवा चहा ९, स्वच्छ धार. सीटीसीचा, म्हणजे रोजच्या दाणेदार चहापत्तीचा, कोरा चहा जेमतेम ७, तोही धूसर. दूध घातलेला सीटीसी, काही नाही. नुसतं पाणी, काही नाही.

दुधाचं कोडं सोपं आहे, दुधातलं प्रथिन केसिन कॅटेचिनला धरून बसतं. सीटीसीत पान चिरडलं जातं, पानातलंच एन्झाइम कॅटेचिनचं थेअफ्लेविन आणि थेअरुबिजिन करतं; रंग आणि कडकपणा तिथूनच. हिरव्या चहात पान आधीच तापवून ते एन्झाइम मारलेलं असतं, म्हणून ईजीसीजी, म्हणजे हिरव्या चहातलं मुख्य कॅटेचिन, शाबूत राहतं. ते जंतूच्या पटलात घुसून त्याला खिळखिळं करतं, शिवाय द्रावणात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं. ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंना बाहेरचं जादा आवरण असल्यानं ते सहसा कमी दाद देतात.

पण काळ्या चहाला नापास करायला मी तयार नाही. १९०६ साली मॅकनॉट नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं काळ्या चहात विषमज्वराचे जंतू मरतात हे दाखवलं होतं. थेअरुबिजिनचे रेणू मोठे, चायना ग्रासमधून सरकायला जड. म्हणजे माझी पट्टी मारक शक्ती कमी आणि चाल जास्त मोजतेय की काय, हीच शंका आहे.

पुढची फेरी म्हणून नळ्यांत. अडचण एकच: चहा सुपात पडला की प्रथिनं गोठून सगळं गढूळ होतं, आणि जंतू वाढले की नाही ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येक नळीतला थेंब ४ आणि २४ तासांनी कोऱ्या डिशवर पसरून ठिपके मोजणार.