चिपाडापासून घन आम्ल उत्प्रेरक : पुनर्वापराची खरी परीक्षा

साखर कारखान्यांचे चिपाड बॉयलरमध्ये जळते, पण पुण्यातल्या रसवंतीगृहांबाहेर साचणाऱ्या चिपाडाला कोणी वाली नसतो. त्यापासून घन आम्ल उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारी आम्लधर्मी भुकटी, तयार करणे हे सध्या माझे काम आहे.

याची वाट २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवली. साखर हवेविना सुमारे ४०० अंश सेल्सिअसला अर्धवट कार्बनीकृत करून त्यावर संहत सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली, की सल्फोनिक आम्लगट कार्बनला रासायनिक बंधाने जोडले जातात आणि ही काळी भुकटी मेदाम्ल (तेल-चरबीतले आम्ल) व मिथेनॉल यांपासून बायोडिझेल तयार करते. चिपाडालाही हीच रीत लागू पडते. मात्र तापमान कमी पडले तर आम्लगट धरून ठेवणारे लहान रेणू द्रावणात निसटतात, आणि फार वाढले तर आम्लगटांना बसायला जागाच कमी उरते.

खरी चिकाटी लागते ती धुण्यात. भुकटी गरम पाण्याने धुवायची, गाळलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकायचे आणि सल्फ्युरिक आम्ल उरल्याची खूण असलेला पांढरा साका येणे पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा धुवायची. एरवी छिद्रांत अडकलेले मोकळे आम्लच पहिल्या फेरीत काम उरकते आणि श्रेय उत्प्रेरकाला मिळते.

‘पाच वेळा वापरला तरी उत्पादन तेवढेच’ एवढ्या दाव्यावर माझा विश्वास बसत नाही. अभिक्रिया भरपूर वेळ चालू ठेवली तर निम्मा निकामी झालेला उत्प्रेरकही ती पूर्णत्वाला नेतो. म्हणून प्रत्येक फेरीतला सुरुवातीचा वेग मोजला पाहिजे. शिवाय अभिक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळून भुकटी वेगळी करावी आणि उरलेला द्रव त्याच तापमानाला ठेवावा. मेदाम्लांची अभिक्रिया उत्प्रेरकाविनाही थोडी पुढे जाते, तेव्हा उत्प्रेरक न घातलेला नमुना शेजारी हवाच. गाळलेला द्रव त्याहून वेगाने पुढे सरकला, तर आम्ल द्रवात उतरले आहे असे निःशंक समजावे.

आम्ल न निसटताही उत्प्रेरक मंदावतो, कारण मिथेनॉल आम्लगटांशीच संयोग पावून त्यांचे एस्टर (आम्ल व अल्कोहोल यांचे संयुग) बनवू शकते आणि मग ते गट आम्लाचे काम करत नाहीत. अशी मंदावलेली भुकटी पुन्हा सल्फ्युरिक आम्लात घालून ताजी करता येते, पण मग ते आम्ल, सल्फोनीकरणातून (आम्लगट जोडण्याच्या प्रक्रियेतून) उरलेले आम्ल आणि धुण्याचे आम्लयुक्त पाणी हे सारे हिशेबात धरायला हवे. दर किलो बायोडिझेलमागे हे एकूण आम्ल, सल्फ्युरिक आम्ल थेट विरघळवून वापरण्याच्या नेहमीच्या पद्धतीतल्या आम्लापेक्षा कमी भरले, तरच मी या उत्प्रेरकाला हरित म्हणेन.