ट्रेडमार्क काढताना: पाच क्लास नकोत, एकच पुरे

आमच्या मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क मिळाला, पण मधल्या काळात एजंटने जो वेळ घालवला त्याचा राग अजून गेलेला नाही. घरगुती धंदा करणाऱ्या इतरांना तरी उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

मी आणि वहिनी कुडाळला मालवणी मसाला करतो. सोबत लोणचं, कोकम सरबत, कुळथाचं पीठ, दिवाळीचा फराळ, सगळं एकाच नावाने जायचं. एजंट म्हणाला, "ताई, पाच क्लासमध्ये टाकूया, पुढचा विचार करा." क्लास म्हणजे माल आणि सेवांचे ठरलेले गट: मसाले ३० मध्ये, लोणची २९, सरबत ३२, दुकान ३५ आणि खानावळ ४३. खानावळ! आमची नाही, काढायचीही नाही. दर क्लासची सरकारी फी वेगळी: एकट्या व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. भागीदारी असेल तर उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) आधी काढा, ते जोडलं तरच सवलत मिळते. आणि घेतलेल्या क्लासमध्ये पाच वर्षं नाव वापरलंच नाही, तर ते रजिस्टरवरून काढा असा अर्ज दुसरा कुणी करू शकतो.

वहिनीने एवढंच विचारलं, "लोक आपल्या दारात कशासाठी येतात?" मसाल्यासाठी. मग ३० वा क्लास, आणि त्यातही मालाच्या वर्णनात फक्त मसाले.

अर्ज गेला, नंबर आला, आणि पुढे सगळं थंड. फोन केला की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे ताई." शेवटी मीच ट्रेडमार्कच्या साइटवर अर्जाचा नंबर टाकला, तर स्टेटस 'ऑब्जेक्टेड', म्हणजे हरकत आलेली. ती हरकत सांगणारा एक्झामिनेशन रिपोर्ट, म्हणजे तपासणी अहवाल, आधीच ईमेलने आला होता, पण अर्जावर पत्ता एजंटचा, ईमेलही एजंटचा. उत्तराला मुदत असते एक महिना. ती चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरू शकतात. त्याला विचारलं तर म्हणतो, "ऑब्जेक्शन सगळ्यांनाच येतं." येत असेल, पण ते मालकाला कळायला नको?

हरकत ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची होती: नावातला 'मालवणी' शब्द माल कुठला ते सांगतो, तो एकट्या कुणाला देता येत नाही. हे मला मनापासून पटलं. तो शब्द अख्ख्या मालवणी मुलखाचा आहे. एजंटने पाठवलेला मसुदा मात्र कुठूनतरी उचललेला, त्यात आमच्या मसाल्याचं नावसुद्धा नव्हतं. तो बाजूला ठेवून ओळखीच्या वकिलांकडून नवं उत्तर लिहून घेतलं: 'मालवणी' शब्दावर आमचा वेगळा हक्क नाही, संपूर्ण नावावर मागतो आहोत. कलम १७ त्याला आधार देतं. जोडीला जुनी बिलं, लेबलं, प्रदर्शनाच्या स्टॉलच्या पावत्या, अन्न परवाना. ही चळत लावताना स्पष्ट दिसलं की वर्षानुवर्षं सलग नाव आहे ते मसाल्याच्याच बिलांवर. सरबत एखाद्या उन्हाळ्यात, लोणचं मागणी आली तर. पाच क्लास घेतले असते तर बाकीच्या चारांसाठी दाखवायला आमच्याकडे काय होतं?

उत्तर मुदतीत गेलं, मान्य झालं. त्यानंतर नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतं आणि चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. आम्हाला कुणी केला नाही. सर्टिफिकेटची मुदत दहा वर्षं, मग नूतनीकरण.

आधी सांगायचं राहिलं: अर्ज शब्दाचा करा, म्हणजे उद्या लोगो बदलला तरी नाव सुरक्षित राहतं. नावापुढे टीएम (™) नोंदणीआधीही लावता येतं, पण गोलातलं आर (®) नोंदणीनंतरच. आधी लावणं गुन्हा आहे. आणि एजंट कितीही चांगला असला तरी स्टेटस दर आठवड्याला स्वतः बघा.

फराळाच्या ऑर्डरी आम्ही यंदा घेतल्या नाहीत. त्या वेळात वहिनीने माशांच्या कालवणाचा वेगळा मसाला बसवला. तो त्याच क्लासमध्ये येतो, त्याच नावाने विकतो.