न्हाणीतला मंद बल्ब आणि 12 व्होल्टचा हिशोब

आईची तक्रार साधी होती. रॉड लावला की न्हाणीतला बल्ब मंद होतो आणि बादली तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. दुकानदाराने रॉड खराब झाल्याचं सांगितलं होतं. आप्पांनी तर त्याच लाइनवर 2000 वॅटचा गिझर बसवायचं ठरवूनही टाकलं होतं. दिवाळीत मी कराडजवळच्या माहेरी गेले तेव्हा हे सगळं कानावर आलं आणि बल्बचं मंद होणं मनात टोचत राहिलं. रॉड बिघडला, तर शेजारच्या बल्बने का मंद व्हावं?

माझा मामेभाऊ वायरमन आहे. गिझर आणायच्या आधी एकदा मोजून बघू, असं त्याला म्हटलं. "ताई, मी मीटर धरतो, आकडेमोड तू कर," म्हणाला.

सुरुवात मी चुकीच्या जागेवरून केली. प्लग काढून रॉडच्या दोन पिनांमध्ये रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, ओहममध्ये मोजला, 35 च्या आसपास आला. ते ठीक होतं. मग 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब काढून मोजला तर फक्त 66 ओहम! व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे 230 गुणिले 230 भागिले 60, या हिशोबाने 882 यायला हवे होते. मी दोनदा आकडे तपासले. नंतर उलगडलं. बल्बची तार थंड असताना तिचा रोध अगदी कमी असतो आणि पेटून पांढरी झाली की कित्येक पटींनी वाढतो. रॉडमधल्या तारेचा रोध गरम झाल्यावरही फारसा बदलत नाही. म्हणजे खरा रोध हवा असेल तर वस्तू चालू असतानाच व्होल्ट आणि अँपिअर मोजायला हवेत.

अँपिअर मोजायला क्लॅम्प मीटर आणला. रॉडच्या केबलभोवती सरळ अडकवला तर शून्य दाखवी. एकाच केबलमध्ये करंट जातो आणि येतो, दोन्हींचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो. भावाकडे एक छोटं एक्स्टेन्शन होतं, त्यातली फेजची वायर त्याने वेगळी काढून ठेवलेली. त्या एकट्या वायरीभोवती क्लॅम्प लावला. रॉड भरलेल्या बादलीत, बादलीला कोणी हात लावायचा नाही, आणि प्रत्येक जोडणी बदलताना आधी मेन बंद, हे त्याने पहिल्यांदाच बजावलं होतं.

बटण दाबलं. न्हाणीतल्या सॉकेटला 214 व्होल्ट, क्लॅम्पवर 6.07 अँपिअर. 214 भागिले 6.07, रोध 35.3 ओहम. रॉडवर 1500 वॅट, 230 व्होल्ट छापलेलं आहे, त्यावरून काढला तरी 35.3 च येतो. रॉड अगदी ठणठणीत होता. शक्ती मात्र 214 गुणिले 6.07, म्हणजे 1300 वॅट. दोनशे वॅट कमी मिळत होते, म्हणून पाण्याला उशीर.

आता प्रश्न उरला, व्होल्टेज कुठे अडतंय? गावात ते सतत खालीवर होतं, म्हणून दोघांनी एकाच वेळी मोजायचं ठरवलं. तो बाहेर विजेच्या मीटरपाशी, मी न्हाणीत. बाहेरून त्याने "दोनशे सव्वीस!" म्हणून हाळी दिली तेव्हा माझ्या हातातल्या मीटरवर 214 च होते. लाइन बाहेर ठीक होती, 12 व्होल्ट आमच्याच घरात गळत होते.

12 भागिले 6.07, जवळजवळ 2 ओहम. वायर दीड एमएमची तांब्याची, मीटरपासून न्हाणी 30 मीटर, जाऊन-येऊन 60. अशा वायरीचा रोध दर मीटर लांबीला साधारण 0.012 ओहम, म्हणजे सगळा मिळून 0.73. वायरीत साडेचार व्होल्ट जाणं समजू शकतं. उरलेल्या साडेसात व्होल्टांचं काय?

माजघरातला बोर्ड वाटेत लागतो. तिथे 224 आले. तिथून न्हाणीपर्यंत जेमतेम 14 मीटर, दोन व्होल्ट जायला हवेत आणि जात होते दहा. मधे एकच जॉइंट होता, न्हाणी वाढवली तेव्हा छताखाली काढलेला.

आकडेमोड मी कागदावर केली: जॉइंटमध्ये अडणारे 7.6 व्होल्ट गुणिले 6.07 अँपिअर, 46 वॅट. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथिल वितळतं. जवळपास तशी दोन आयर्नं लाकडी तुळईला टेकलेल्या डबीत रोज सकाळी तापत होती. हा आकडा लिहिला तेव्हा हात थांबला. गिझर लावला असता तर करंट 8 अँपिअरच्या आसपास गेला असता, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जॉइंटमध्ये सुमारे 80 वॅट.

मेन बंद करून भावाने डबी उघडली. दोन वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली. टेप तपकिरी होऊन कडक झालेली, बोट लावताच तुकडे पडले. आतलं तांबं काळं ठिक्कर, कव्हर दोन बोटं मागे आक्रसलेलं. आप्पा बराच वेळ ते हातात धरून बघत होते.

त्याने जळका भाग कापून टाकला, नवं तांबं उघडं केलं आणि स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट आवळलं. पुन्हा मोजलं: बाहेर 226, न्हाणीत 221, करंट 6.28. सुमारे 1390 वॅट. वायरीतले साडेचार व्होल्ट तेवढे राहिले, त्याला इलाज नाही.

आप्पांना आता विहिरीवरच्या पंपाचेही वॅट असेच काढायचे होते. तिथे नुसता गुणाकार चालत नाही. मोटरला पॉवर फॅक्टरही, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला किती भाग खरे वॅट आहे तेही, धरावा लागतो, नाहीतर उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येतं. रॉड, बल्ब, गिझर यांना मात्र सरळ गुणाकार पुरतो.

गिझरसाठी मीटरपासून अडीच एमएमची वेगळी लाइन ओढायची ठरली आहे. तोवर आईचा रॉडच चालू आहे.