बाबांची मेडलं आणि शेवटचं अक्षर

वर्तकनगरची आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा तीस वर्षांचा संसार मी चार दिवसांत खोक्यांत भरला. माळ्यावर एक गंजका बिस्किटांचा डबा होता. हलवून पाहिला तर आत काहीतरी खुळखुळलं. जुन्या कड्याकोयंड्यांबरोबर तोही भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. त्यात बाबांची मेडलं होती.

हे उघडकीला आलं डिसेंबरात. १६ तारखेला विजय दिवसाच्या कार्यक्रमाचं बोलावणं होतं. बाबांनी ब्लेझर काढला आणि डबा मागितला. मी काय करून बसले ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, ब्लेझर परत हँगरला लावला आणि कार्यक्रमाला गेलेच नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. बांगलादेश युद्धात, १० डिसेंबर १९७१ च्या रात्री, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरहून दक्षिणेला जाणारा रस्ता अडवून बसलेल्यांत तेही होते. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलनं उत्तर दिलं आणि त्यासोबत बंदुकीची एक गोळी धाडली, हा किस्सा आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलोय. त्यापुढचं ते सांगत नाहीत.

भावानं लगेच ऑनलाइन नवीन सेट मागवला. पूर्व आघाडीवर लढलेल्यांचा 'पूर्वी स्टार', संग्राम मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल, सगळं चकचकीत. बाबांनी संग्राम मेडल हातात घेतलं, अंगठ्यानं त्याची कड चाचपली आणि खाली ठेवलं. "नंबर कुठाय? हे कुणाचंही असंल." खऱ्या मेडलवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

मग खरी मेडलं पुन्हा मिळवायचा रीतसर मार्ग. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, "चोरी की गहाळ?" ओळखीच्या एकानं आधीच कानात सांगितलं होतं, चोरी म्हणा, काम लवकर होतं. बाबा शेजारी ताठ बसलेले. म्हणाले, "पोरीनं भंगारात दिली, तेच लिवा." हवालदारानं एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गहाळ झाल्याची नोंद करून दाखला दिला.

ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मात्र जीव भांड्यात पडला. टेबलामागचे गृहस्थ स्वतः माजी सैनिक. बाबांना "या साहेब, कुठली पलटण?" म्हणत आधी खुर्ची दिली, मग विषय. अर्ज बेळगावला मराठा रेकॉर्ड्सकडे, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे जाणार. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि माजी सैनिक ओळखपत्राच्या प्रती, पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र. एक भानगड त्यांनीच हेरली. डिस्चार्ज बुकात बाबांचं आणि आजोबांचं नाव आहे, आडनाव नाही. आधारवर आडनाव आहे. दोन्ही व्यक्ती एकच, हेही प्रतिज्ञापत्रात घालायला सांगितलं. नोटरीकडे शंभरचा स्टॅम्प पेपर मागितला तर तो हसला, "ताई, आता पाचशेचा."

दोन महिन्यांनी अर्ज परत. कारण एका ओळीचं: सेवा क्रमांक अपूर्ण. सात आकडे मी तीनदा तपासून लिहिले होते, पण त्यामागचं इंग्रजी अक्षर शिक्क्याचा भाग समजून गाळलं होतं. बाबांना सांगितलं तर त्यांना पहिल्यांदा राग आला. मेडलं गेली तेव्हा आला नव्हता तो राग त्या एका अक्षरासाठी. "आगं, अक्षराबिगर नंबर व्हतोय का? झोपेतनं उठवून इचार, अक्षरासकट सांगीन." आणि सांगितलाही, एका दमात, जागेवरून उठून उभं राहून.

दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं. पैसे एम.आर.ओ.नं, म्हणजे लष्कराच्या खात्यात बँकेतून भरायच्या चलनानं भरा, असं त्यात होतं. रक्कम किरकोळ होती, पण हा कागद बँकेत दाखवल्यावर तिथल्या मुलीनं तो उलटसुलट करून पाहिला, मग मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं कुणाला तरी फोन लावला. दुपार त्यातच गेली. कुणी असं काही भरायला जाणार असेल तर सकाळी लवकर जा आणि चलनाची प्रत स्वतःजवळ ठेवा. मला ती पुढे दोनदा लागली.

त्याच उत्तरासोबत बाबांच्या मेडलांची यादी होती. आम्ही तीन मागितली होती, यादीत चार. चौथं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, १९७२ चं, आणि त्यापुढे शेरा: दिलेलं नाही. "मेडल मिळालंच नव्हतं का तुम्हाला?" बाबा आठवत राहिले. "आमाला तवा नुसती रिबन दिलेली. पार्ट टू ऑर्डर, म्हंजी पलटणीच्या नोंदीचा हुकूम, निघाली की रिबन लावायची छातीवर. मेडल मागनं येतंय म्हनले व्हते."

पार्सल यायला तेरा महिने लागले. लहानसं खोकं, तपकिरी कागद, आत तीन पुड्या. बाबांनी पेपर वाचायचं भिंग आणलं, खिडकीशी गेले आणि एकेक मेडल उजेडात फिरवत नंबर वाचला. आकडा न् आकडा, शेवटी अक्षर. तिन्हींवर ते होतं. आजोबांचं नाव एका ठिकाणी चुकीच्या स्पेलिंगनं आलंय, ते मी दाखवलं. "ऱ्हाऊदे, नंबर बरोबर हाय."

चौथं अजून आलेलं नाही. मी स्मरणपत्र लिहायला बसले, तर बाबा म्हणाले, "लिही, पर सावकाश लिही. पन्नास वर्सं थांबलंय ते." आणि मग माझ्या खांद्यावरून वाकून अक्षर लिहिलंय का ते पाहिलं.