नाव, धंदा, महिना

ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहरात रोटुंडा नावाच्या जुन्या गोल वास्तूत पाऊल टाकलं आणि पहिली दहा मिनिटं मी मान वर करून नुसती उभी राहिले. सहा मीटरहून जाड भिंती, वर प्रचंड घुमट आणि घुमटाच्या कडेने सोनेरी मोझेकमध्ये हात पसरून प्रार्थना करणारे पुरुष. हे सगळे ख्रिस्ती हुतात्मे. पण कुठे रक्त नाही, शस्त्र नाही, छळाची एकही खूण नाही. शांत चेहरे, अंगावर चुणीदार झगे, मागे राजवाड्यासारखे खांब. प्रत्येकाच्या शेजारी ग्रीक अक्षरांत तीनच गोष्टी लिहिल्या आहेत: नाव, धंदा, महिना.

ओनिसिफोरोस, सैनिक, ऑगस्ट. दमियानोस, वैद्य, सप्टेंबर. फिलिमोन, वाजंत्री, मार्च.

महिना अशासाठी, की त्या महिन्यात त्यांचं स्मरण करायचं. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक हुतात्म्याच्या मृत्यूच्या दिवसाला त्याचा जन्मदिवस म्हणत. तुकाराम बीज पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आणि धंदा? गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार म्हणताना आपण तरी दुसरं काय करतो?

फिलिमोनची कथा मला फार आवडते. रोमन अमलात इजिप्तमध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू असताना अपोलोनिओस नावाचा चर्चचा एक सेवक घाबरला. रोमन देवांना बळी वाहायचा तर धर्म जातो, नाही वाहावा तर जीव जातो. म्हणून त्याने या वाजंत्र्याला पैसे दिले: माझे कपडे घाल, माझ्या नावाने बळी वाहून ये. फिलिमोन गेला खरा, पण ऐन वेळी ‘मी ख्रिस्ती आहे, बळी वाहणार नाही’ म्हणून उभा राहिला. शेवटी दोघेही मारले गेले. भाड्याने आणलेला माणूस खरा ठरला आणि घाबरलेलाही त्याला पाहून परत आला. ग्रीक भाषेत हुतात्म्याला ‘मार्तिस’ म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ आहे साक्षीदार. आपल्या शब्दात आहुती आहे, त्यांच्या शब्दात साक्ष. फिलिमोनला त्यांचाच शब्द अधिक शोभतो.

ही वास्तू उभारली सम्राट गालेरिअसने, इ.स. ३०६च्या सुमारास. ३०३ साली चर्च पाडण्याचे आणि धर्मग्रंथ जाळण्याचे हुकूम निघाले, त्यामागे त्याचाच मोठा जोर होता. ३११मध्ये मरणाच्या दारात असताना त्यानेच छळ थांबवण्याचं फर्मान काढलं आणि ख्रिस्ती लोकांनी आपल्यासाठी त्यांच्या देवाची प्रार्थना करावी असंही त्यात म्हटलं. आज त्याच्या घुमटाखाली उभं राहिलं, तर वरून हेच लोक हात पसरून पाहतात.

तिथून पंधरा मिनिटं चालत आगिओस दिमित्रिओसच्या चर्चपाशी आले. दिमित्रिओस हा या गावचा स्वतःचा संत. काही अभ्यासक त्याचा संबंध आजच्या सर्बियातल्या सिर्मियमशी जोडतात, पण इथे कुणाच्या मनात तसली शंका नाही. परंपरा सांगते की त्याला स्नानगृहाच्या तळघरात कोंडलं होतं. नेस्टोर नावाचा कोवळा पोरगा त्याचा आशीर्वाद घेऊन आखाड्यात उतरला आणि ‘दिमित्रिओसच्या देवा, मला साहाय्य कर’ म्हणत बादशहाच्या लाडक्या मल्लाला, लिएओसला, त्याने लोळवलं. चिडलेल्या बादशहाने नेस्टोरचा शिरच्छेद केला आणि दिमित्रिओसला कोठडीतच भाल्यांनी भोसकलं.

त्या तळघरात मी उतरले. जुन्या रोमन स्नानगृहाचे अवशेष, दमट गारवा आणि खांबांच्या अर्धवर्तुळात संगमरवरी कुंड. संताच्या समाधीतून सुगंधी तेल पाझरायचं अशी श्रद्धा, म्हणून त्याला ‘मिरोव्लितिस’ म्हणतात. यात्रेकरू ते शिशाच्या चपट्या, बोटभर कुप्यांमध्ये भरून गळ्यात घालून न्यायचे. पुढे तुर्की अमलात वर मशीद झाली आणि तळघर विस्मरणात गेलं. १९१७च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, चर्चही जळालं, आणि त्या राखेखालून ही जागा पुन्हा सापडली. वरच्या काही खांबांवर आगीचे डाग अजून आहेत. वेदीजवळच्या खांबावर सातव्या शतकातलं मोझेक वाचलंय: दिमित्रिओस मध्ये उभा, एका बाजूला बिशप, दुसऱ्या बाजूला नगराधिकारी, आणि संताचे हात दोघांच्या खांद्यांवर. थोरल्या भावाने ठेवावेत तसे.

मी गेले ती पंचवीस ऑक्टोबरची संध्याकाळ, दिमित्रिओसच्या सणाची पूर्वसंध्या. फुलवाल्यांकडे शेवंतीचे ढीग लागले होते. ही फुलं याच दिवसांत फुलतात म्हणून ग्रीक लोक त्यांना या संताच्याच नावाने ओळखतात. १९१२मध्ये शहर ग्रीसला मिळालं तेही जुन्या पंचांगाप्रमाणे सव्वीस ऑक्टोबरलाच, त्यामुळे रस्तोरस्ती निळेपांढरे झेंडे होते. आत मेणबत्त्यांच्या धगीने चेहरे लाल झालेले. रांग इंचाइंचाने चांदीच्या पेटीकडे सरकत होती. संताच्या अस्थी इटलीतून १९७८ ते १९८०च्या दरम्यान इथे परत आल्या, त्या याच पेटीत आहेत.

माझ्यापुढे काळ्या कपड्यांतली एक आजी होती, हाताशी नातू. ‘दिमित्रिस,’ तिने त्याच्या छातीवर बोट ठेवून मला सांगितलं. उद्या त्याचा नामदिन, म्हणजे ज्याचं नाव ठेवलं त्या संताचा दिवस. ‘ख्रोनिया पोला,’ मी शिकून ठेवलेलं म्हणून टाकलं, म्हणजे उदंड आयुष्य लाभो. आजीचा चेहरा उजळला. तिने पर्स उघडली, प्लास्टिकच्या छोट्या पुडीतून कापसाचा फाया काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. गुलाबासारखा, जरा मसालेदार वास. अण्णा दिवाळीला अत्तराचा फाया ठेवायचे, तसा हात आपसूक कानाकडे गेला आणि मी तो कानाच्या पाळीवर खोचला.

आजीने हळूच तो काढून घेतला. ओठांना लावला, माझ्या कपाळाला टेकवला, मग पुन्हा पुडीत घालून पुडी माझ्या मुठीत दिली आणि बोटं मिटून धरली. रांग पुढे सरकेपर्यंत तिने ती सोडली नाहीत.