मचाणावरची सकाळ : विस्कॉन्सिनमधली धनुष्यबाणाची शिकार

नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणं माजावर येतात तो काळ. एरवी अंधार पडल्याशिवाय झाडीबाहेर न येणारे मोठे शिंगवाले नर या दिवसांत दिवसाढवळ्या माद्यांच्या मागे फिरतात, म्हणून धनुष्याने शिकार करणारे लोक ऑफिसची सुट्टी याच आठवड्यासाठी राखून ठेवतात. मॅडिसनला आमच्या शेजारी एक रिटायर्ड काका आहेत, त्यातलेच. मी कधीची त्यांच्या मागे लागले होते की एकदा मला न्या, शिकार करायला नाही, नुसतं बघायला. यंदा म्हणाले चल, पण आदल्या दिवशी अंगाला वासाचं काही लावायचं नाही, फोडणी नाही, आणि वर बसल्यावर मोबाइल खिशातच.

जागा स्प्रिंग ग्रीनजवळ, मॅडिसनपासून पश्चिमेला तासाभरावर. हिमयुगात आजूबाजूचा प्रदेश बर्फाखाली रगडून सपाट झाला तेव्हा हा तुकडा तेवढा वाचला, ड्रिफ्टलेस म्हणतात याला, त्यामुळे इथे खरेखुरे डोंगर आणि दऱ्या आहेत. खाली मक्याची कापलेली शेतं, उतारावर ओकची झाडी, जमीन एका शेतकऱ्याची आणि त्याच्या परवानगीने जायचं.

गाडीतून उतरल्यावर मी सरळ शेतातून निघाले असते, जवळचा रस्ता तोच. पण हरणं रात्रभर त्याच शेतात सांडलेला मका खात असतात आणि उजाडताना झोपायला वर चढतात, म्हणून आम्ही लांबचा वळसा घालून डोंगरमाथ्यावरून खाली उतरलो. वारा वायव्येकडून होता, ते त्यांनी रात्रीच बघून ठेवलं होतं. पण नुसता वारा बघून भागत नाही. थंडीत पहाटेची जड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि ऊन लागलं की उलटी वर चढायला लागते, आणि माणसाचा वास तिच्याबरोबर जातो. आमचं झाड एका ओघळीच्या काठावर होतं ते याच हिशोबाने, आमचा वास ओघळीतून खाली जाणार आणि हरणं येणार पलीकडच्या सोंडेवरून. त्यांनी खिशातून पावडरची छोटी बाटली काढून फुस्स केलं, टॉर्चच्या लाल उजेडात ती पावडर हळूहळू ओघळीत उतरताना मी बघितली, आणि तेव्हा मला कळलं की या माणसाला इथली हवासुद्धा पाठ आहे.

मचाण म्हणजे ओकला पट्ट्यांनी बांधलेली लोखंडी शिडी आणि वर साधारण पंधरा फुटांवर दोघांना बसायचं बाकडं. जमिनीवरून पाय उचलायच्या आधीच हार्नेस दोरीला अडकवायचा, दोरीवरची गाठ आपल्याबरोबर वर सरकत येते. शिकारीतले कितीतरी अपघात हे झाडावरून पडण्याचे असतात, त्यामुळे यात चालढकल नाही. धनुष्य नंतर दोरीने वर ओढून घ्यायचं. मेळघाटात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी मोजायला मी मचाणावर रात्र काढलेली आहे, पण तिथे फांद्यापानांचा आडोसा असतो. इथे पानं बहुतेक गळलेली, आडोसा कसला नाहीच, फक्त हलायचं नाही. उणे चार डिग्रीत न हलणं काय असतं ते बोटांना विचारा.

धनुष्य कंपाउंड, म्हणजे ज्या प्रकारात आपल्या ओजस देवतळे आणि अदिती स्वामीने 2023 मधे बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मारलं तोच प्रकार. टोकांना चाकं असतात, त्यामुळे 60 पाउंडांचं धनुष्य पूर्ण ओढलं की हातावर जेमतेम 12-15 पाउंड उरतात आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवता येतं. ती मुलं 50 मीटरवरून नेम धरतात, हे गृहस्थ मात्र 20 यार्डांच्या पुढे बाण सोडतच नाहीत. कारण बाण कापून मारतो, गोळीसारखा धक्क्याने नाही. तो खांद्यामागे फुप्फुसांतूनच गेला पाहिजे आणि त्यासाठी जनावर आडवं उभं पाहिजे. याच सॉक काउंटीत आणि शेजारच्या कोलंबिया काउंटीत 1934 ला फक्त धनुष्यासाठी वेगळा सीझन सुरू झाला, अमेरिकेतला असा पहिला, त्यामुळे इथे या गोष्टींकडे लोक फार मनापासून बघतात.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बाण सोडायला परवानगी. उजाडलं तशी एक चिकडी, काळ्या टोपीची एवढीशी चिमणी, येऊन चक्क धनुष्याच्या वरच्या टोकावर बसली आणि तिच्या छातीवरची पिसं वाऱ्याने फुललेली मला दिसत होती. मग खालून पाचोळ्यात पावलं. एक मादी, मागे मोठी झालेली दोन पाडसं, आणि त्यांच्यामागे नाक जमिनीला लावून डुकरासारखा गुरगुरत आलेला नर, आठ टोकांची शिंगं. त्याचं डोकं बुंध्याआड गेलं तेव्हा काकांनी धनुष्य ओढलं. तो बाहेर आला आणि समोरासमोर थांबला, छाती आमच्याकडे करून. अंतर पंधरा यार्ड. मला वाटलं आता सुटणार बाण. किती वेळ गेला देव जाणे, त्यांचा हात थरथरायला लागला, आणि त्यांनी दोर हळूच परत सोडला, बाण तसाच ठेवून. नर मादीमागे निघून गेला. असा शिंगवाला नर वर्षानुवर्षं मिळत नाही लोकांना, आणि यांच्या चेहऱ्यावर काही नाही, फक्त कुजबुजले, समोरून मारला असता तर जखमी होऊन दिवसभर कुठेतरी पडला असता. माझ्या मते त्या सकाळची सगळ्यात मोठी गोष्ट ती होती.

आठच्या सुमाराला एक एकटी मादी आली, आडवी उभी राहिली, 18 यार्ड. आवाज म्हणाल तर नुसता थप्प. ती उधळली आणि झाडीत गेली. लगेच उतरायचं नाही, अर्धा तास बसायचं. नंतर पाचोळ्यावर फिकट गुलाबी, फेसाळ रक्त सापडलं, म्हणजे फुप्फुस. गडद असतं तर यकृत, मग तासन्‌तास थांबावं लागतं. ती ऐंशीएक पावलांवर पडलेली होती. काकांनी टोपी काढली, थोडा वेळ तिच्या मानेवर हात ठेवला, मग सुरी काढली.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं आणि मी त्यात बदल मागणार नाही. पण इथे दक्षिण विस्कॉन्सिनमधे हरणं भरमसाट, लांडगे जवळजवळ नाहीतच, आणि धनुष्यबाणावरच्या केंद्रीय कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. आणि ही मादी एका कुटुंबाच्या हिवाळ्यातल्या जेवणासाठी होती.

नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते, त्यांनी ती तिथेच फोनवर केली. डोकं सीडब्ल्यूडीच्या तपासणीसाठी पेटीत टाकलं. हा हरणांच्या मेंदूचा रोग, या राज्यात 2002 मधे याच भागात, माउंट होरेबजवळ सापडला. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमधे, पॉझिटिव्ह आला तर सगळं फेकणार. मी हंटर एज्युकेशनच्या कोर्सला नाव घातलंय, 1973 मधे किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याशिवाय लायसन्स मिळत नाही, आणि उन्हाळाभर काकांच्या मागच्या अंगणात 20 यार्डांवर सराव करायचं ठरलंय.